बिस्किटांचा डबा आणि खिळ्यांची केस

शिवण, भरतकाम, विणकाम, मणीकाम, कागदकाम या साऱ्या कलाकुसरी बारीक वस्तूंवर चालतात. सुया, टाचण्या, हूक, टिचबटणे, टिकल्या, मणी, बॉबिन, दोऱ्याच्या लडी, लेसचे तुकडे यांतली एकही वस्तू महाग नसते. पण ती वेळेला सापडली नाही तर हातातले काम अडते. त्यामुळे या सामानाच्या साठवणीकडून तीन अपेक्षा असतात : वस्तू एकमेकींत मिसळू नयेत, त्या डोळ्यांना दिसाव्यात आणि काम न सोडता हाताला लागाव्यात. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आणि पानसुपारीची कप्प्याकप्प्यांची चंची याच अपेक्षांतून घडली. शिवणाच्या सामानासाठी मात्र बहुतेक घरांनी खास पेटी विकत घेतली नाही. दुसऱ्याच कामासाठी बनलेली आणि ते काम संपल्यावर मोकळी झालेली एखादी वस्तू त्या जागी आली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, दुकानातले दोऱ्याच्या रिळांचे कपाट, छापखान्यातली खिळ्यांची केस आणि ग्रंथालयातला कार्डांचा खण या अशा चार वस्तू आहेत. चौघींचे मूळ धंदे वेगळे, त्या धंद्यांतून त्या बाहेर पडण्याची कारणेही वेगळी. त्यांतल्या दोघींचा, म्हणजे डब्याचा आणि केसेचा, इतिहास मात्र एकाच शोधाने जोडलेला आहे.

पत्र्याचा डबा

लोखंडाच्या पातळ पत्र्यावर कथिलाचा मुलामा दिला की पत्रा सहजी गंजत नाही आणि डाग देऊन तो सांधताही येतो. या पत्र्याचा बिस्किटांशी संबंध जुळला तो इंग्लंडमधल्या रेडिंग या गावी. जोसेफ हंटली यांनी १८२२ मध्ये तिथे बिस्किटांचे दुकान काढले. लंडनहून बाथकडे जाणाऱ्या घोडागाड्या त्या रस्त्यावर थांबत आणि प्रवासी बिस्किटे विकत घेत. प्रवासात बिस्किटे मोडत आणि सादळत. हंटली यांच्या धाकट्या मुलाचा पत्र्याच्या आणि लोखंडी सामानाचा धंदा होता; त्याने वडिलांच्या बिस्किटांसाठी घट्ट झाकणाचे डबे बनवायला सुरुवात केली. १८४१ मध्ये जॉर्ज पामर भागीदार झाले आणि ‘हंटली अँड पामर्स’ हे नाव पुढे इंग्रजी अमलाखालच्या देशांत, हिंदुस्थानातही, डब्यांवरून पोचले.

सुरुवातीच्या डब्यांवर कागदी लेबल चिकटवलेले असे. पत्र्यावर थेट रंगीत चित्र छापणे अवघड होते, कारण शिळाछापाचा दगड कठीण आणि पत्राही कठीण. दोन कठीण पृष्ठभाग एकमेकांवर दाबले तर शाई सारखी उतरत नाही. लंडनच्या रॉबर्ट बार्कले यांनी १८७५ मध्ये यावर उपाय काढून त्याचे पेटंट घेतले. त्यांच्या यंत्रात दगडावरचे चित्र आधी मऊ आवरणाच्या रुळावर उतरे आणि त्या रुळावरून पत्र्यावर. छाप एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाण्याची ही पद्धत म्हणजे ऑफसेट. आज हा शब्द कागदाच्या छपाईशी जोडला जातो, पण ही पद्धत आधी डब्यांसाठी वापरात आली.

बार्कले यांच्या पद्धतीनंतर डब्यांना रंग आणि आकार यांचा बहर आला. पुस्तकांच्या गठ्ठ्यासारखे, टोपलीसारखे, हातातल्या पिशवीसारखे डबे निघाले. बिस्किटे संपल्यावरही डबा घरात राहावा, हा त्यामागचा उघड हेतू होता. सुंदर डबा कोणी टाकत नाही, आणि डबा राहिला की त्यावरचे नावही राहते. म्हणजे डब्याचे दुसरे आयुष्य हा गृहिणीच्या काटकसरीचा जितका भाग होता, तितकाच कारखानदाराच्या विक्रीचाही होता. सुया-दोऱ्यांसाठी हा डबा सोयीचा ठरला. झाकण घट्ट, कडा गुळगुळीत, आणि टेबलावरून पडला तरी फुटत नाही असा.

महाराष्ट्रात पत्र्याचा डबा अनेक वाटांनी आला. चार गॅलनांचा, म्हणजे सुमारे अठरा लिटरचा, रॉकेलचा चौकोनी डबा खेड्यापाड्यांत पोचला आणि रिकामा झाल्यावर त्यात धान्य साठू लागले, त्याने पाणी वाहिले जाऊ लागले; तो कापून, डाग देऊन पत्र्याचे काम करणारे कारागीर त्यापासून लहान डबे, चाळण्या आणि दिवे बनवत. देशात कथिलाचा पत्रा तयार करण्यासाठी १९२० मध्ये टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तिचा कारखाना जमशेदपूरजवळ गोलमुरीला उभा राहिला. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला; ताडाच्या झाडाचे चित्र असलेला त्याचा डबा पुढची कित्येक दशके घरोघर दिसला. त्यात डाळी राहिल्या, तुळशी लागल्या आणि शिवणाचे तुकडेही साठले. बिस्किटांचे आणि चॉकलेटांचे नक्षीदार डबे मात्र संख्येने कमी आणि मानाने मोठे. परदेशातून येणारा माणूस ते आणी आणि खाऊ संपल्यावर त्यात बटणे, हूक व रिळे जात. रॉयल डान्स्क ही डेन्मार्कमधली कंपनी १९६६ मध्ये सुरू झाली. लोण्याच्या बिस्किटांचा तिचा गोल निळा डबा उघडावा आणि आत सुईदोरा निघावा, हा आज अनेक देशांतल्या घरांचा सारखाच अनुभव आहे.

डब्याची एक मर्यादा आहे. तो आतून एकच पोकळी असतो. हलवला की टाचण्या मण्यांत जातात आणि दोरे हुकांत गुंततात. म्हणून शिवणाच्या डब्यात लहान डब्या येतात, दोरा पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळला जातो, सुया फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचल्या जातात. डब्याला जे जमत नाही ते खण करतो. पुढच्या तिन्ही वस्तू खणांच्याच आहेत.

दोऱ्याचे कपाट

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवणयंत्राने कापडाचे काम बदलले. आयझॅक सिंगर यांचे पेटंट १८५१ चे. यंत्राला हाताच्या शिलाईपेक्षा मजबूत आणि एकसारखा दोरा लागे. स्कॉटलंडमधल्या पेझली गावच्या जे. अँड पी. कोट्स आणि क्लार्क या घराण्यांच्या गिरण्यांनी तो लाकडी रिळांवर पुरवला. या कंपन्या दुकानदारांना रिळे मांडण्यासाठी पातळ खणांची लाकडी कपाटे देत. खणांच्या दर्शनी पट्ट्यांवर कंपनीचे नाव कोरलेले किंवा छापलेले असे. अमेरिकेतल्या गावोगावच्या दुकानांत ही कपाटे गल्ल्यावर उभी होती. सिंगर कंपनीने आपल्या यंत्राच्या जोडभागांसाठी १८८९ मध्ये घडीची लाकडी पेटी पेटंट केली. उघडली की तिच्या बाजू आडव्या पसरत आणि प्रत्येक भाग आपापल्या खाचेत दिसे.

गावातली लहान दुकाने बंद पडली, तयार कपडे स्वस्त झाले, तशी ही कपाटे जुन्या वस्तूंच्या बाजारात आली. चौघींत सर्वांत सरळ प्रवास यांचा आहे : दुकानात दोरा ठेवण्यासाठी बनलेली वस्तू घरात दोराच ठेवू लागली. रिळाच्या मापाचा खण असल्यामुळे भरतकामाच्या लडी, बॉबिन आणि विणकामाच्या आखूड सुया त्यात न दाबता बसतात.

खिळ्यांची केस

छापखान्यातली केस ही या चौघींतली सर्वांत जुनी आणि सर्वांत विचारपूर्वक बनवलेली वस्तू आहे. योहान गुटेनबर्ग यांनी माइंत्स येथे पंधराव्या शतकाच्या मध्याला सुटे खिळे जुळवून छपाई सुरू केली. सुटा खिळा म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा छोटा तुकडा. त्याच्या डोक्यावर एक अक्षर उलटे उठवलेले असते. एका पानाला हजारो खिळे लागतात. ते हाताने उचलायचे, स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या जुळणीच्या पट्टीत, ओळीने लावायचे आणि छपाई झाल्यावर पुन्हा सोडवून जागच्या जागी टाकायचे. यासाठी उथळ, खणाखणांची लाकडी पेटी लागली. १४९९ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात छापलेल्या एका पुस्तकात छापखान्याचे सर्वांत जुने ज्ञात चित्र आहे. त्यातही केसेसमोर बसलेला जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कारागीर, दिसतो.

केसेतले खण सारखे नसतात. ज्या अक्षराची गरज जास्त, त्याचा खण मोठा आणि हाताच्या जवळ; ज्याची गरज क्वचित, त्याचा खण लहान आणि कडेला. इंग्रजी केसेत ‘ई’चा खण सर्वांत मोठा असतो. सरावलेला जुळारी केसेकडे न पाहता खिळा उचले. त्याची नजर हस्तलिखितावर असे आणि हात आपोआप योग्य खणात जाई. इंग्रजीची मोठी अक्षरे वरच्या केसेत आणि लहान अक्षरे खालच्या केसेत ठेवत. त्या अक्षरांची इंग्रजी नावे आजही या मांडणीवरूनच आहेत. अमेरिकेत पुढे दोन्ही एका पेटीत बसवणारी ‘कॅलिफोर्निया जॉब केस’ रूढ झाली. तिच्यात ८९ खण असतात. ती सुमारे ८० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम बोटभर खोल असते. विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावी जेम्स एडवर्ड हॅमिल्टन यांनी १८८० मध्ये लाकडी अक्षरे बनवायला सुरुवात केली. त्यांचा कारखाना पुढे केसा आणि केसांची कपाटे बनवणारा मोठा कारखाना झाला.

हिंदुस्थानात छापयंत्र पहिल्यांदा आले ते गोव्यात, १५५६ मध्ये, सेंट पॉल कॉलेजात. मराठी छपाईचा विस्तार मात्र एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत झाला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे सुधारले. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पंचांग छापले. मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळे पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांमुळे निर्णयसागरची संस्कृत आणि मराठी पुस्तके देशभर नावाजली.

देवनागरीची केस रोमन केसेपेक्षा फार गुंतागुंतीची. अक्षरांबरोबर काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अनुस्वार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे हवीत. शेकडो वेगवेगळे खिळे एका पेटीत मावत नाहीत; म्हणून जुळाऱ्यासमोर आणि दोन्ही बाजूंना अनेक केसा मांडल्या जात. काना किंवा वेलांटी यांसारखी सतत लागणारी चिन्हे छातीसमोरच्या खणांत, तर वर्षातून एकदा लागणारे जोडाक्षर दूरच्या कोपऱ्यात. नवा मुलगा छापखान्यात लागला की आधी त्याला केस पाठ करावी लागे. लग्नपत्रिका, हस्तपत्रके, गावोगावची साप्ताहिके आणि दिवाळी अंक या केसांमधून बाहेर पडले.

या केसेला निवृत्त करणारी ऑफसेटची पद्धत आधी डब्यांच्या धंद्यात वापरात होती; कागदावर ती अपघाताने आली. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातले छपाईकार आयरा रुबेल यांच्या यंत्रात कागद सरकायचा चुकला आणि छाप रबराच्या रुळावर उमटला. पुढचा कागद आला तेव्हा त्याच्या मागच्या बाजूवर रबरावरचा ठसा उतरला, आणि तो नेहमीच्या ठशाहून स्वच्छ होता. १९०४ च्या सुमारास रुबेल यांनी यावरून कागदासाठी ऑफसेट यंत्र बनवले. पत्र्यासाठी बार्कले यांनी योजलेले तत्त्व असे कागदावर आले. पुढे अक्षरजुळणी छायाचित्रणाच्या तंत्राने आणि नंतर संगणकावर होऊ लागली. ती ऑफसेटला थेट जोडली गेली आणि सुट्या खिळ्यांची गरज उरली नाही. अमेरिका आणि युरोपात हा बदल १९६० आणि १९७० च्या दशकांत झपाट्याने झाला. महाराष्ट्रात लहान छापखाने आणखी काही काळ टिकले. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम केले, खासगी कंपन्यांचे मराठी फाँट आले, आणि १९९० च्या दशकात डीटीपीने, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीने, केसेची जागा घेतली.

खिळ्यांना भंगारात भाव होता, कारण शिसे वितळवून पुन्हा विकता येई. रिकाम्या लाकडी केसेला तो नव्हता. अमेरिकेत १९७० च्या दशकात या केसा जुन्या बाजारांत आल्या. लोकांनी त्या भिंतीवर उभ्या टांगल्या आणि खणाखणांत चिमुकल्या बाहुल्या, शंख, अंगठ्या मांडल्या. जर्मनीत त्याच सुमारास ‘झेट्सकास्टन’ घराघरांत दिसू लागली. मागणी इतकी वाढली की छापखान्याशी कधीच संबंध न आलेल्या नव्या केसाही बनू लागल्या. शोभेची हौस ओसरल्यावर तीच केस कलाकुसरीच्या टेबलावर आडवी झाली, आणि हा उपयोग तिच्या मूळ कामाच्या सर्वांत जवळ जाणारा आहे. खण उथळ असल्यामुळे तळ दिसतो आणि दोन बोटांनी मणी उचलता येतो. मोठ्या खणात सतत लागणारे पांढरे-काळे मणी आणि कडेच्या लहान खणात क्वचित लागणारे सोनेरी, अशी मांडणी केली की जुळाऱ्याचे शहाणपण मणी ओवणाऱ्याच्या हाती येते. केस उघडी असल्याने धूळ बसते. त्यावर काचेचे झाकण बसवणे हा रूढ उपाय आहे.

ग्रंथालयाचा खण

कार्डांचे कपाट हे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन ग्रंथालयांचे अपत्य. बाडासारख्या बांधीव यादीत नवे पुस्तक मध्येच घालता येत नाही. सुट्या कार्डांत घालता येते. अमेरिकन ग्रंथपाल मेल्व्हिल ड्यूई यांच्या प्रयत्नांतून ग्रंथालयांना लागणारे सामान एका मापाने मिळू लागले आणि कार्डाचे माप साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटर असे ठरले. त्या मापाचे लांबट खण, पुढे पितळी मूठ आणि नावाची चिठ्ठी सरकवण्याची पट्टी, आत कार्डे अडकवणारी सळई, अशी या कपाटाची घडण झाली. लायब्ररी ऑफ काँग्रेस १९०१ पासून छापील कार्डे इतर ग्रंथालयांना विकू लागली.

या पद्धतीचा मराठी वाचकाशी जवळचा संबंध बडोद्यामुळे आला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. पुढे मराठी मुलखातल्या ग्रंथालयांतही लेखक, शीर्षक आणि विषय यांची कार्डे आणि त्यांची कपाटे आली.

संगणकावरच्या सूचीने ही कपाटे मोकळी झाली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९७ मध्ये कार्डे विकणे बंद केले आणि अमेरिकेतल्या ओसीएलसी या संस्थेने १ ऑक्टोबर २०१५ रोजी शेवटची कार्डे छापली. कपाटे विक्रीला निघाली. त्यांचा खण केसेपेक्षा खोल आणि लांब असतो. म्हणून लोकरीचे छोटे गुंडे, रबरी शिक्के, कागदाच्या चिठ्ठ्या, लेसच्या गुंडाळ्या त्यात चांगल्या राहतात. पुढची चिठ्ठीची पट्टी आजही जुनेच काम करते : खण न उघडता आत काय आहे ते सांगते.

बाजारातली वाट

मुंबईत मटण स्ट्रीटच्या परिसरातला चोर बाजार आणि पुण्यात मंगळवार पेठेतला बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार ही अशा वस्तू मिळण्याची ठरलेली ठिकाणे. तिथे यंत्राचे सुटे भाग, पितळी कुलुपे, घड्याळे आणि कंदील यांच्या ढिगात पत्र्याचे डबे, पेट्या आणि खणही दिसतात. या बाजारांच्या आधी वस्तूंचा एक फेरा दारातच पूर्ण होई. बोहारीण जुने कपडे घेऊन भांडे देई. भंगारवाला पत्रा, बाटल्या आणि रद्दी नेई. घरात उरलेल्या जुन्या लुगड्यांची गोधडी होई. शिवणाचे सामान जुन्या डब्यात ठेवणे हा याच व्यवहाराचा एक धागा होता. त्याला कोणी कला म्हणत नसे; वस्तू टाकायची नाही, एवढाच नियम होता.

जपणूक

या वस्तू वापरताना त्यांच्या मूळ धंद्याची आठवण ठेवणे आवश्यक आहे. खिळ्यांच्या केसेच्या कोपऱ्यांत शिशाची भुकटी साठलेली असते. ती कोरड्या झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे आणि हात धुवावेत. अशा केसेत खाण्याच्या वस्तू किंवा लहान मुलांच्या हाती जाणारे मणी ठेवू नयेत. जुन्या डब्यांच्या रंगातही शिसे असू शकते. पत्र्यावरचा कथिलाचा थर जिथे खरवडला गेला तिथे गंज चढतो. कोकणातल्या पावसाळ्यात तो सुयांपर्यंत पोचतो, म्हणून डब्याला आतून कोरड्या सुती कापडाचे अस्तर द्यावे. डब्यावरचे छापील चित्र तारेच्या घासणीने घासले तर परत मिळत नाही.

आणखी एक खबरदारी इतिहासाची आहे. खणांचे कपाट एकसंध राहिले तर त्यावरून ते काम कसे चाले ते कळते. सुट्या खणांवरून कळत नाही. देवनागरी केसांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. कोणत्या खणात काना, कोणत्यात रफार, कोणत्यात ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’, ही मांडणी जुळाऱ्यांच्या हातांत होती आणि ते हात आता थोडे उरले आहेत. जुन्या बाजारात एखादी देवनागरी केस मिळाली, तिच्या खणांत अक्षरांच्या चिठ्ठ्या किंवा शाईच्या खुणा असल्या, तर मणी भरण्याआधी तिचे नीट छायाचित्र काढावे आणि प्रत्येक खणातले अक्षर लिहून ठेवावे. जवळपास एखादा जुना जुळारी असेल तर त्याला ती दाखवावी. खण मण्यांनी भरला तरी केसेचे काही बिघडत नाही. पण खुणा पुसल्या गेल्या, तर मराठी अक्षर कोणत्या खणातून उचलले जात होते, हे पुढे कोणालाही सांगता येणार नाही.